रेझ्युमे लिहिण्याआधी वही काढा

संगणक नंतर चालू करा. कॅनव्हा उघडू नका, मित्राची फाइल व्हॉट्सॲपवर मागवू नका. आधी एक वही घ्या आणि दहावीनंतर जे जे काम केलंत ते सगळं लिहून काढा. पैसे मिळाले असोत वा नसोत. घरचं असो, मंडळाचं असो, मामाच्या दुकानातलं असो. एक संध्याकाळ याच कामाला द्या.

सांगलीजवळच्या कूपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या एचआरमध्ये मी बरीच वर्षं काढली. मिरज, तासगाव, पलूस, जत, पार कराडपर्यंतच्या पोरापोरींचे रेझ्युमे हाताखालून गेले. बहुतेकांची गाडी एकाच जागी अडायची. सांगण्यासारखं असेल ते लपवलेलं, आणि कोणी वाचत नाही ते ठळक अक्षरांत.

एक मुलगी अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी आली होती. बी.कॉम. झालेली. रेझ्युमेत 'हार्डवर्किंग, सिन्सियर, क्विक लर्नर' आणि खाली छंद: वाचन, संगीत ऐकणे. असे पंधरा कागद त्याच दिवशी टेबलावर होते. बोलता बोलता कळलं की घरचा बेदाण्याचा व्यवहार आहे, आणि सलग तीन हंगाम कोल्ड स्टोअरेजमधल्या बॉक्सचं रजिस्टर, सौद्याच्या पट्ट्या, व्यापाऱ्यांकडची येणी हे सगळं हीच बघते. म्हटलं, "अगं, मग हे का नाही लिहिलंस?" तर म्हणाली, "ते घरचंच आहे ना सर."

आम्हाला तर नेमकं तेच हवं होतं! तिथल्या तिथे तिची ओळ अशी केली: 'बेदाणा व्यापाराचे तीन हंगामांचे हिशेब. स्टॉक रजिस्टर, विक्रीपट्ट्या आणि सुमारे ४० व्यापाऱ्यांच्या उधारीचा तक्ता एक्सेलमध्ये.' वाचून छाती दडपावी असं यात काही नाही. पण हिला व्यवहार कळतो, हे वाचणाऱ्याला एका ओळीत समजतं.

असंच कॉलेजातल्या 'कमवा आणि शिका' योजनेचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था उभी केली तीच श्रमाच्या पायावर, आणि आज त्याच भागातली मुलं कॉलेजच्या ग्रंथालयात किंवा ऑफिसात दोन-तीन वर्षं काम करून ते रेझ्युमेत घालायला लाजतात. ग्रंथालयात रोज पुस्तकांची देवघेव नोंदवलीत, वर्षाअखेरीला पुस्तकं मोजून रजिस्टरशी ताळा घातलात, तर ते स्टोअर असिस्टंटचंच काम झालं. वहीत लिहा. पुराच्या वेळी निवारा केंद्रावर धान्याच्या किटची यादी ठेवली असेल, तीही लिहा. दूध संस्थेत फॅट लावायला बसला असाल, तेही.

जाहिरातीवर पेन्सिल चालवा

वही भरली की ज्या जागेसाठी अर्ज करायचाय तिची जाहिरात समोर ठेवा. समजा एखाद्या मशीन शॉपला माणूस हवाय: सीएनसी ऑपरेटर, आयटीआय टर्नर किंवा मशिनिस्ट, फॅनक कंट्रोलची (सीएनसी मशीन चालवणाऱ्या एका यंत्रणेची) माहिती, ड्रॉइंग वाचता यावं, तिन्ही शिफ्टची तयारी. यातलं एकेक वाक्य अधोरेखित करा आणि वहीत त्याचा पुरावा शोधा. चार गोष्टी सापडल्या आणि एक नाही, तरी अर्ज करा. जी नाही ती आहे म्हणून मात्र दाखवू नका; मशीनसमोर उभं केलं की दोन मिनिटांत कळतं.

शब्द त्यांचेच वापरा. त्यांनी 'फॅनक' लिहिलं असताना 'सीएनसीचे चांगले ज्ञान' असं गुळमुळीत लिहिलंत तर तुमचा कागद मागे पडतो. मोठ्या कंपन्यांत आणि नोकरीच्या पोर्टलवर आधी सॉफ्टवेअर रेझ्युमे चाळून असे शब्द शोधतं. छोट्या कारखान्यात एचआरचा माणूस डोळ्यांनी तेच करतो, आणि चहा गार होण्याच्या आत त्याला गठ्ठा संपवायचा असतो.

जाहिरात इंग्रजीत असेल तर रेझ्युमे इंग्रजीत. या लेखातली उदाहरणं मराठीत आहेत, ती साध्या इंग्रजीत उतरवा. जड इंग्रजीच्या नादी लागू नका. जे शब्द मुलाखतीत तोंडातून सहज निघतील तेवढेच कागदावर ठेवा.

नाव, नंबर, आणि लग्नाचा बायोडाटा

निम्मा घोळ 'बायोडाटा' या शब्दातच आहे. तो ऐकला की आपला हात आपोआप उंची, रक्तगट, वडिलांचा व्यवसाय, धर्म, जात अशा ओळी लिहायला लागतो. एकदा एका फिटरच्या रेझ्युमेत रास वाचली होती. आम्हाला सोयरीक करायची नव्हती.

वर एवढंच हवं: तुमचं नाव मोठ्या अक्षरांत, चालू असलेला एकच मोबाइल नंबर, ईमेल, आणि गाव-जिल्हा. पूर्ण पत्ता, घर नंबर, 'मारुती मंदिराजवळ' हे नको. पुण्याला किंवा शिरवळकडे जायची तयारी असेल तर गावाच्या पुढे तसं लिहा, कारण सांगलीचा पत्ता बघून पुण्यातली माणसं परस्पर ठरवतात की हा काही येणार नाही. आधार आणि पॅनचे नंबर रेझ्युमेत कधीही घालू नका. हा कागद कुठे कुठे फिरेल याचा तुम्हाला पत्ता लागणार नाही. जातीचा उल्लेख सरकारी अर्जात जिथे विचारतात तिथे करायचा. जन्मतारीख ट्रेनी किंवा अप्रेंटिसच्या जागेला वयाची अट असेल तर लिहा. फोटो मागितला तरच, आणि तोही लग्नातला कापलेला नको.

नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटवर आहे तसंच ठेवा आणि आधारवरचं त्याच्याशी जुळवून घ्या. एका ठिकाणी आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी, तिसरीकडे वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त, असं असलं की नोकरी लागल्यावर पीएफचं खातं काढताना सगळं अडतं. हे दुरुस्त करायला वेळ लागतो, म्हणून आत्ताच बघा.

ईमेल नावाचाच काढा. 'किंग ऑफ सांगली' असल्या पत्त्यावर मुलाखतीचं पत्र पाठवताना माणूस थबकतो. आणि आपल्या नंबरला ट्रूकॉलरवर काय नाव दिसतं तेही तपासा. मी एका चांगल्या मुलाला फोन लावला तर स्क्रीनवर 'पप्या डंपर' आलं. मुलगा नोकरीला लागला, पण आमच्या ऑफिसात शेवटपर्यंत तो पप्याच राहिला.

दोन ओळींची ओळख

'आव्हानात्मक वातावरणात माझ्या कौशल्यांचा उपयोग करून संस्थेच्या आणि स्वतःच्या प्रगतीसाठी' वगैरे जे ऑब्जेक्टिव्ह सगळ्यांच्या रेझ्युमेत असतं, ते काढून टाका. त्या जागी तुम्ही कोण आहात आणि काय करू शकता ते दोन ओळींत लिहा. 'आयटीआय मशिनिस्ट (२०२४). पंप शाफ्टच्या मशीनिंगवर एक वर्षाची अप्रेंटिसशिप. फॅनक कंट्रोल, ड्रॉइंग वाचन, रात्रपाळीची तयारी.' एवढं वाचून पुढे वाचायचं की नाही ते ठरतं.

शिक्षण, आणि मधली वर्षं

शिक्षण शेवटचं आधी. पदवी किंवा ट्रेड, कॉलेज, वर्ष, टक्के किंवा सीजीपीए. दहावी-बारावी एकेका ओळीत, पहिलीपासूनच्या शाळा नकोत. एटीकेटी राहिली असेल तर विषय निघाला त्या वर्षाचंच उत्तीर्ण साल लिहा. मार्कशीट आम्ही बघतोच.

खरी घालमेल असते ती मधल्या रिकाम्या वर्षांची. समजा पदवी २०२१ ची आणि अर्ज करेपर्यंत २०२४ उजाडलं, मधे काय केलं? आपल्या भागात उत्तर बहुधा ठरलेलं: एमपीएससी, पोलीस भरती, नाहीतर सैन्यभरती. अपशिंगे मिलिटरीसारखं, घरोघरी सैनिक असलेलं गाव ज्या सातारा जिल्ह्यात आहे तिथे पहाटे उठून भरतीसाठी पळणाऱ्या पोराला कोण नावं ठेवणार? तरी ही मुलं ती वर्षं झाकायला बघतात. कोणी आधीच्या नोकरीच्या तारखा ताणतो, कोणी ओळखीच्या दुकानदाराकडून अनुभवाचा दाखला लिहून घेतो.

हे करू नका. पीएफ कापला जात असेल तर कुठे कधी लागलात आणि कधी सोडलं हे यूएएनच्या (पीएफच्या कायमच्या नंबरच्या) नोंदीत दिसतं, आणि कंपन्या ते तपासतात. ताणलेल्या तारखेपायी हातातलं ऑफर लेटर परत गेलेलं मी पाहिलंय. त्यापेक्षा सरळ लिहा: '२०२१ ते २०२३: राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी, एकदा पूर्व परीक्षा उत्तीर्ण.' त्या काळात अभ्यासिकेची फी गोळा करत असाल, क्लासवर शिकवत असाल, सकाळी पेपरची लाइन टाकत असाल, तर ते त्याखाली दुसऱ्या ओळीत. वाचणाऱ्याला तारखांमधलं भगदाड खटकतं. ते कशाने भरलंय हे कळलं की तो पुढे जातो.

मुलाखतीत मग एकच प्रश्न येतो: "पुन्हा परीक्षा देणार का?" मनात चलबिचल असली तरी उत्तर घरून ठरवून जा. तिथे खुर्चीत बसून विचार करायला लागलात तर समोरचा समजायचं ते समजतो. घरच्या आजारपणामुळे किंवा शेतीमुळे वर्षं गेली असतील तर एक ओळ पुरे. सविस्तर प्रत्यक्षात सांगता येतं.

कामाच्या ओळी

इथे वेळ घालवा. वर्ष-सहा महिन्यांचा का होईना, जो अनुभव असेल तो उलट क्रमाने: कंपनी, गाव, पद, महिने. त्याखाली तीन-चार ओळी. प्रत्येक ओळ केलेल्या कामापासून सुरू व्हावी. 'मी' नको, 'माझ्यावर जबाबदारी होती' हेही नको.

'सीएनसी मशीनवर काम केले' यातून मला काहीच कळत नाही. हेच असं लिहिलं तर बघा: 'दोन सीएनसी टर्निंग सेंटरवर शाफ्टचं मशीनिंग, शिफ्टला साधारण ६० नग. टूल ऑफसेट स्वतः देत असे. तपासणी व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि बोअर गेजने.' आता माझ्या डोळ्यांपुढे तुम्ही मशीनशी उभे दिसता.

आकडा तुमचाच हवा आणि विचारला तर समजावून सांगता यायला हवा. साठ नग म्हणालात तर मी विचारणार की एका नगाला सायकल टाइम किती आणि मधे जेवणाची सुट्टी धरली का. व्हर्निअर लिहिलंत तर लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप, विचारणार. साध्या व्हर्निअरचा ०.०२ मिमी आणि मायक्रोमीटरचा ०.०१ मिमी हे ज्याला चटकन सांगता येत नाही, त्याच्या बाकीच्या ओळींवरचाही विश्वास उडतो. अचूक आकडा आठवत नसेल तर 'साधारण' लिहा.

विक्रीचं काम केलेल्यांनी गावं आणि दुकानं मोजा: मिरज आणि जत तालुक्यांतली किती दुकानं, आठवड्याला किती फेऱ्या, वसुली कशी. हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर असाल तर दिवसाला किती पेशंटची नोंद, कोणतं सॉफ्टवेअर, विम्याची कागदपत्रं पाहत होतात का. मिरजेत इतकी हॉस्पिटलं आहेत की कॅशलेसची फाइल नीट लावता येणारा माणूस तिथे शोधून घेतात.

अजिबात अनुभव नसेल तर कॉलेजचा प्रोजेक्ट. पण 'आम्ही चौघांनी मिळून बनवला' यावर न थांबता त्यात तुमच्या हातचं काय होतं ते लिहा. वेल्डिंग तुम्ही केलं की रिपोर्ट टाइप केला? दोन्ही चालेल, खरं असलं म्हणजे झालं. आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांनी अप्रेंटिसशिपकडे दुर्लक्ष करू नये. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानुसार ती मोठ्या कंपन्यांना द्यावी लागते, त्यासाठी सरकारी पोर्टलवर नोंदणी असते, आणि तिथून मिळालेलं एक वर्ष रेझ्युमेत नोकरीइतकंच वजन धरतं.

कौशल्यं, थोडक्यात

'एमएस-सीआयटी' जरूर लिहा, पण ती सगळ्यांकडे आहे. एक्सेलमध्ये काय येतं ते सांगा: व्हीलुकअप, पिव्होट टेबल. टॅली येते म्हणजे नुसत्या नोंदी की जीएसटीआर-१ आणि ३बी या जीएसटी रिटर्नसाठीची आकडेवारीही काढता? टायपिंगचा वेग लिहा. कौशल्यांपुढे पाचपैकी चार तारे किंवा ८० टक्क्यांच्या रंगीत पट्ट्या नकोत. ऐंशी टक्के एक्सेल म्हणजे काय ते मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही.

भाषांत एक गोष्ट आपली मुलं हमखास गाळतात: कन्नड. जतच्या पूर्व भागातली मुलं घरी कन्नड बोलतात आणि रेझ्युमेत मराठी, हिंदी, इंग्रजी लिहून मोकळी होतात. अथणी, विजापूरकडे माल विकणाऱ्या सांगलीच्या कंपनीला कन्नड बोलणारा माणूस म्हणजे घबाड.

छंद गाळले तरी चालतात. 'आय हियरबाय डिक्लेअर' हे शेवटचं शपथपत्रही खासगी नोकरीत लागत नाही. त्या तीन ओळींत कामाची एखादी ओळ बसते.

दिसायला कसा असावा

नवख्याला एक पान पुरे. ए-फोर आकार, पांढरा कागद, काळी अक्षरं, साधा फॉन्ट, अकरा पॉइंट. मथळे तेवढे ठळक. तारखा सगळ्या एकाच पद्धतीने लिहून उजवीकडे एका रेषेत आणा. निम्मा टापटीपपणा यातूनच दिसतो. दोन रकाने, चौकटी, फोनची चित्रं असलेले सुंदर साचे दिसतात छान, पण सॉफ्टवेअर ते वाचताना गोंधळतं. एक सोपी परीक्षा आहे: पीडीएफ उघडा, सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तिथे ओळींची खिचडी झालेली दिसली, तर त्या सॉफ्टवेअरलाही खिचडीच दिसणार.

मराठीत रेझ्युमे लागला तर तो युनिकोडमध्येच टाइप करून घ्या. डीटीपीच्या दुकानात श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्डची फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी चिन्हांचा पाऊस पडतो.

डीटीपीच्या दुकानाचा मला वेगळाच अनुभव आहे. माझा पहिला रेझ्युमे मी एका झेरॉक्सवाल्याकडे करून घेतला. त्याने आधीच्या गिऱ्हाइकाची फाइल उघडून नाव बदललं, शिक्षण बदललं, आणि मी घाईत प्रिंट उचलून निघालो. मुलाखतीत साहेबांनी वरून खालपर्यंत कागद पाहिला आणि शांतपणे विचारलं, "भरतकाम कुठे शिकलात?" तेव्हापासून कागद दुसऱ्याने केला तरी शेवटची नजर माझीच.

एआयकडून रेझ्युमे लिहून घेण्याचंही तसंच आहे. त्याच्याकडून इंग्रजी दुरुस्त करून घ्या, जरूर. पण मजकूरच त्याला लिहायला सांगितलात तर तो तुम्हाला 'डायनॅमिक' आणि 'रिझल्ट ओरिएंटेड' करून ठेवतो, आणि पंधरा वेगवेगळ्या पोरांचे कागद सख्ख्या भावंडांसारखे दिसायला लागतात.

शेवटी छापून, मोठ्याने वाचा. स्पेलचेकवर विसंबू नका. इंग्रजी 'मॅनेजर'मधला दुसरा 'ए' गळला तर उरणारा शब्दही डिक्शनरीत आहे, त्यामुळे लाल रेघ येत नाही. त्याचा अर्थ गुरांची गव्हाण. 'असिस्टंट गव्हाण' म्हणून काम केलेले उमेदवार मी मोजायचं सोडून दिलं. तुमच्यानंतर दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या, शक्यतो मित्र सोडून. मित्र 'भारी झालाय' म्हणतो.

पाठवणं आणि नोंद ठेवणं

फाइल पीडीएफच, आणि तिचं नाव तुमचं नाव व पद असं. 'रेझ्युमे फायनल न्यू ३' हे नाव असलेल्या फाइली आमच्या संगणकात ढिगाने असतात. मोबाइलने काढलेला कागदाचा फोटो पाठवू नका. ईमेलच्या विषयात पदाचं नाव, आत चार ओळी: कुठे जाहिरात पाहिली, कोणत्या जागेसाठी, तुमच्याकडे काय आहे, कधीपासून येऊ शकता. रिकामा ईमेल जोडणीसकट पाठवला तर तो आगंतुक वाटतो.

कूपवाड किंवा मिरजेच्या एमआयडीसीत अजूनही गेटवर कागद देऊन काम होतं. अशा वेळी उजव्या कोपऱ्यात पेनने पदाचं नाव लिहा, कारण वॉचमनच्या केबिनमधून आत पोचेपर्यंत कोणता कागद कशाचा हे कोणाला आठवत नाही. जेवणाची सुट्टी आणि शिफ्ट बदलायची वेळ टाळा. वॉचमनशी नीट बोला. आमचा वॉचमन कोण कसं वागलं ते आत येऊन सांगायचा.

नोकरीसाठी नोंदणी फी, ट्रेनिंग फी, गणवेशाचं डिपॉझिट असं कोणी आधी मागितलं तर तिथून निघा. आम्ही कधी कोणाकडून रुपया घेतला नाही, आणि नीट चालणारा कारखाना घेतही नाही.

ज्या वहीत सुरुवात केली तिच्या मागच्या पानांवर रकाने आखा: तारीख, कंपनी, पद, कोणता रेझ्युमे पाठवला, कोणाशी बोलणं झालं. आठ-दहा दिवसांत काही कळलं नाही तर एकदा फोन करायला हरकत नाही, रोज नको. वही फोनजवळ ठेवा. एचआरने फोन करून नाव सांगितलं आणि पलीकडून "कुठली कंपनी?" असं आलं, की आमच्याकडे यादीतल्या त्या नावापुढे पेन्सिलीने फुली पडायची.